माणसांवर विश्वास ठेवणारा कारखानदार : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पुरा होऊन कळस चढल्याच्या आनंदात ही स्मरणिका निघत आहे. तीत देवळाचा इतिहास यावा, देणगीदारांची नामावली यावी, हे रीतीला धरूनच आहे; परंतु एका कारखानदाराचे चरित्र कशासाठी, अशी शंका काही वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर गावाच्या शिवेवरच उभे आहे. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत झाल्यापासून या पंचक्रोशीतील मुले पहाटे डबा घेऊन पाळीला जाऊ लागली. (पंचतारांकित म्हणजे मोठे हॉटेल होणार, अशी कित्येकांची सुरुवातीला समजूत होती, ती गोष्ट निराळी.) या वसाहतीतील फाटकांवर जी मोठी नावे लागली आहेत त्यांत किर्लोस्कर हे एक नाव आहे. जुन्या माणसांना ते नाव इंजिनावरून ठाऊक. नदीकाठी आणि विहिरीवर त्यांनी ते इंजिन हँडल मारून सुरू केले, त्याचा ठोका रात्रभर ऐकत उसाला पाणी पाजले. आता त्यांचीच नातवंडे त्या नावाच्या फाटकातून आत जातात. परंतु हे नाव ज्यांनी प्रथम लोखंडावर उमटविले ते कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर कोण, कोठले, किती शिकलेले, हे त्या मुलांना विचारले तर बहुतेक गप्प राहतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हा भाग आज कर्नाटक राज्यात आहे. संगीत नाटकांचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे याच गावचे व याच घराण्यातले. म्हणजे एकाच आडनावाने महाराष्ट्राला आधी गाणे दिले आणि मग नांगर दिला. लक्ष्मणरावांचे लक्ष शाळेच्या पुस्तकांत फारसे नव्हते. हाताने काही करावे, जोडावे, उलगडून पाहावे, चित्र काढावे, हा त्यांचा स्वभाव. त्या काळी पांढरपेशा घरातील मुलाने इंग्रजी शिकून कचेरीत चिकटावे अशी वडिलांची अपेक्षा असे, आणि ती आजही फार बदलली आहे असे नाही. वडिलांची इच्छा नसताना १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईस जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले. खर्चाचा भार थोरले बंधू रामूअण्णा यांनी उचलला. पुढील सगळ्या हकिगतीत या बंधूचे नाव वारंवार येईल, कारण लक्ष्मणरावांच्या प्रत्येक धाडसामागे कोठे तरी रामूअण्णा उभे आहेत.

दोन वर्षे चित्रकला शिकल्यावर एक विपरीत गोष्ट ध्यानात आली. काही रंग लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना नीट ओळखताच येत नव्हते. हा दोष जन्मजात असतो, त्याला औषध नाही. चित्रकार व्हावयास निघालेल्या तरुणाला रंगच दिसू नयेत, याहून मोठा घाव कोणता? दुसरा कोणी गावी परतून वडिलांची बोलणी ऐकत बसला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघ धरली. त्याच शाळेत त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शिक्षण पुरे केले आणि त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची जागा मिळविली. विद्यार्थ्यांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात यंत्रशाळेत हात काळे करावेत, असा त्यांचा क्रम होता. पदवी त्यांच्यापाशी नव्हती. जे काही आले ते पाहून, करून आणि चुकून आले.

मुंबईत त्यांनी प्रथमच सायकलवर बसलेला माणूस पाहिला. दोन चाकांवर माणूस पडत कसा नाही, याचे सर्वांनाच नवल. पण ही वस्तू विकता येईल असे वाटणारे थोडे. १८८८ साली दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईस सायकली खरेदी करून पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या विकून गिऱ्हाइकाला चालवावयास शिकवावे, अशी कामाची वाटणी होती. किर्लोस्कर बंधू हे नाव येथून सुरू होते. ज्या रस्त्यावर हे दुकान होते तो बेळगावचा रस्ता आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

नोकरी चालू होती, आणि लक्ष्मणरावांनी ती आणखी वीस वर्षे केली असती तर आज त्यांचे नाव कोणाला ठाऊक नसते. परंतु बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो इंडियन गृहस्थास देण्यात आली. कातडीचा रंग पाहून झालेला हा निवाडा होता. सरकारी खात्यात बढती हुकलेल्या माणसाचे दुःख ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगणे नको. बहुतेक जण अर्जामागून अर्ज करतात, वरच्या साहेबाला भेटतात आणि शेवटी मनात कुढत निवृत्त होतात. लक्ष्मणरावांनी १८९७ साली राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

बेळगावात सायकलींच्या जोडीला त्यांनी छोटा कारखाना उभा केला. या भागात पिकणारा कडबा जनावरांपुढे अख्खा टाकला की निम्मा पायांखाली जातो, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. तेव्हा कडबा बारीक कापणारे यंत्र त्यांनी प्रथम हाती घेतले. त्यानंतर १९०३ च्या सुमारास त्यांचे लक्ष नांगराकडे वळले, आणि त्यांच्या कसोटीचा काळ तेथून सुरू झाला.

आपल्याकडचा जुना लाकडी नांगर तरुण वाचकांनी कदाचित पाहिलाही नसेल. बाभळीचे जड खोड, पुढे लोखंडी फाळ आणि ओढावयास चार-चार बैलजोड्या. तो माती चिरीत जाई, पण उलटवीत नसे. हराळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खाली तशाच शिल्लक राहत आणि पहिल्या पावसात पुन्हा डोके वर काढीत. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पंख असतो. फाळाने कापलेली माती त्या पंखावरून चढते आणि उलटी पडते, तण खाली गाडले जाते, खालची माती उन्हाला लागते. लक्ष्मणरावांनी परदेशी बनावटीचा नांगर पाहून, आपली जमीन आणि आपले बैल ध्यानात घेऊन, तसा नांगर ओतला. सांगावयास सोपे आहे. पण ओतीव लोखंड हे मोठे लहरी. कठीण करावे तर दगडाला लागून तुकडा उडतो, मऊ ठेवावे तर आठ दिवसांत झिजते. फौंड्रीत काम करणाऱ्या येथील मुलांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष उतरते, पीक जळते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षे माल पडून, कारागिरांचा पगार चालू आणि गावोगाव ऐकावयाचा तो नकार! येथे शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे नाही. ज्याच्या पोटाला दुसरा आधार नाही त्याने आपली एकुलती एक जमीन कोणा परक्याच्या प्रयोगासाठी का द्यावी? लक्ष्मणरावांनी हे जाणले असावे, कारण त्यांनी शेतकऱ्यांशी वाद घातला नाही, नांगर मात्र सुधारीत राहिले. हळूहळू रानात उलटून पडलेली काळी माती शेजाऱ्याच्या डोळ्यांत भरू लागली आणि मागणी आली.

जम बसतो आहे असे वाटते तोच बेळगावच्या नगरपालिकेकडून कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम आला. हुकमाच्या कागदाला सर्व्हे नंबर कळतो, त्या नंबरावर पेटलेली भट्टी कळत नाही. वय चाळिशीचे, अंगावर कारागीर आणि त्यांची कुटुंबे, हाती असलेले भांडवल यंत्रांत अडकलेले, आणि जावयाचे कोठे याचा पत्ता नाही. मुंबईत नोकरीची जागा गेली होती, आता कारखान्याची गेली. घरेदारे आणि जमिनी प्रकल्पात गेलेल्या आपल्याकडील कुटुंबांना त्या दिवसांची कल्पना अधिक चांगली येईल.

या अडचणीत औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले होते. ते स्वतः चांगले चित्रकार, सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते आणि उद्योगांना हात देणारे राजे. कऱ्हाडजवळची काचकारखान्याची ओगलेवाडीही याच संस्थानाच्या आश्रयाने उभी राहिली. त्यांनी लक्ष्मणरावांना संस्थानात कोठेही जागा निवडण्याची मुभा दिली आणि १० हजार रुपये कर्जाऊ दिले. त्या काळचे १० हजार म्हणजे लहान संस्थानाच्या तिजोरीला जाणवणारी रक्कम होती. जागा निवडली ती कुंडल रोड नावाच्या आडस्टेशनाजवळची ३२ एकर. आज हा भाग सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात येतो. रेल्वे जवळ, एवढाच त्या जागेचा गुण. बाकी सगळे माळरान, फड्या निवडुंगाने भरलेले आणि नागांचे माहेरघर. १० मार्च १९१० रोजी तेथे मुक्काम पडला. सुमारे २५ कामगार आपापली बायकामुले घेऊन लक्ष्मणरावांच्या मागे आले होते. त्यांनी निवडुंग तोडला, साप मारले, झोपड्या उभ्या केल्या, भट्टी लावली आणि नांगर ओतावयास सुरुवात केली.

आता वाडीतल्या माणसांविषयी सांगावयाचे, कारण लक्ष्मणरावांच्या चरित्राचा गाभा तो आहे. यंत्रे पैशाने येतात. माळावर येऊन राहणारी माणसे पैशाने येत नाहीत, आणि पैसा तरी कोठे होता? लक्ष्मणरावांपाशी जी माणसे जमली त्यांची प्रमाणपत्रे तपासली असती तर आजच्या एकाही कारखान्याच्या फाटकातून त्यांना आत घेतले नसते. शंभुराव जांभेकर शाळा अर्धवट सोडलेले, ते पुढे उत्कृष्ट इंजिनियर झाले. अनंतराव फळणीकर यांनीही शाळा सोडलेली, त्यांच्या कल्पकतेतून कारखान्याला नवी यंत्रे मिळाली. के. के. कुलकर्णी हे परीक्षेत नापास झालेले विद्यार्थी, त्यांनी कंपनीचा धंदा अष्टपैलू रीतीने सांभाळला. मंगेशराव रेगे हे कारकून, हिशेबनीस आणि वाडीच्या व्यवस्थेतले एक आधारस्तंभ. रामूअण्णा तर बेळगावपासून बरोबरच होते. वसाहतीची आखणी आणि तिचा कारभार त्यांनी पाहिला. स्वतः लक्ष्मणराव तरी कोणते मोठे पदवीधर होते! शाळेने टाकलेला मुलगा निकामी असतो या समजुतीवर त्यांचा विश्वासच नव्हता, कारण ते स्वतःवरून जग ओळखीत होते. अमक्याला काय येत नाही हे न विचारता त्याचा हात कोणत्या कामात रमतो हे ते पाहत, ते काम त्याला देत आणि बिघडले तर पुन्हा करू देत.

नापास विद्यार्थ्याला कामावर घेणे वेगळे आणि दरोडेखोराला तिजोरीच्या पहाऱ्यावर ठेवणे वेगळे. वाडीच्या रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी ज्यांना नेमले त्यांत तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ही नावे प्रसिद्ध आहेत. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले होते. तो काळ असा होता की रामोशी, मांग अशा जातींच्या माणसाला गुन्हा केला असो वा नसो, गावात चोरी झाली की प्रथम त्याची झडती. शिक्षा भोगून आलेल्यास तर कोणी दारातही उभे करीत नसे. मग त्याने पुन्हा दरोडा घालावा नाही तर काय करावे? आडरानातील नव्या वसाहतीत भट्टीचे लोखंड, गोदामातला माल, बायकामुले, सगळे या दोघांच्या भरवशावर सोडून लक्ष्मणराव आणि त्यांचे सहकारी निजत असत. आजूबाजूच्या लोकांनी त्यांना वेड्यात काढले असणारच. पण ते दोघे वाडीचे विश्वासू राखणदार म्हणून नावारूपाला आले. याच औंध संस्थानात पुढे आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत झाली, ती सर्वांना माहीत आहे. तिच्या कितीतरी आधी एका कारखानदाराने कोणताही सरकारी ठराव न होता तोच प्रयोग आपल्या जबाबदारीवर करून पाहिला होता.

कागलच्या वाचकांना येथे राजर्षी शाहू महाराजांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कागलकर घाटग्यांच्या घराण्यात १८७४ साली जन्मलेले आणि कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले महाराज लक्ष्मणरावांहून पाच वर्षांनी लहान. त्यांनीही फासेपारध्यांना जवळ करून आपल्या पहाऱ्यावर नेमले होते आणि गुन्हेगार ठरविलेल्या जातींवरील रोजच्या हजेरीचा जाच १९१८ साली आपल्या संस्थानात बंद केला. एक क्षत्रिय राजा आणि एक ब्राह्मण कारखानदार, दोघांचे मार्ग निराळे, त्या काळच्या वादांत बाजूही निराळ्या मानल्या जात. पण टाकलेल्या माणसाच्या हाती आपली राखण सोपविण्याचे धैर्य दोघांनी दाखविले. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले आणि नांगराच्या भट्ट्या थंड पडण्याची पाळी आली, तेव्हा महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील जुन्या निकामी तोफा किर्लोस्करांना ओतकामासाठी दिल्या, अशी हकिगत या भागात सांगितली जाते. तोफा वितळून त्यांचे नांगर झाले, म्हणून ती लोकांच्या ध्यानात राहिली आहे. शाहू महाराजांना शेतीच्या अवजारांचे अगत्य होते आणि लक्ष्मणरावांना लोखंडाची निकड होती, तेव्हा दोघांची गाठ पडली यात नवल नाही.

वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. १९१० ते १९२० या काळात, एखाद्या शहराच्या सुधारलेल्या पेठेत नव्हे तर खेड्यांच्या मधोमध, हे करणे म्हणजे काय, याची कल्पना आज येणार नाही. शेजारच्या गावात पाणवठे वेगळे, बसण्याच्या जागा वेगळ्या आणि मधल्या ३२ एकरांत मात्र ते चालावयाचे नाही. भट्टीतून लालभडक रस काढताना एका डावाला दोघांनी हात लावावा लागतो, त्या वेळी शिवाशीव पाळून भागत नाही, हे कारखान्यात सर्वांना पटते. अडचण येते ती भोंगा वाजल्यानंतर. लक्ष्मणरावांनी भोंग्यानंतरचीही व्यवस्था लावली, एवढे त्यांचे वेगळेपण. सरळ रस्ते, झाडे, स्वच्छता यांचा तर त्यांना ध्यासच होता. जमशेदपूरनंतर भारतातील सर्वांत जुन्या औद्योगिक वसाहतींत किर्लोस्करवाडीची गणना होते.

पुढचा विस्तार थोडक्यात सांगतो येण्यासारखा आहे. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले. नांगराची माहिती द्यावी म्हणून निघालेल्या या मासिकाने पुढे मराठी घरात मोठे स्थान मिळविले. १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर ही मासिकेही त्याच माळावरून निघाली. ज्या आडस्टेशनावर पूर्वी कोणी उतरत नसे तेथे महाराष्ट्रातील लेखकांची पत्रे येऊ लागली. कारखान्यात उसाचे लोखंडी चरक झाले, रहाट झाले आणि १९२६ च्या सुमारास पाण्याचे पंप निघू लागले. चरकाचे महत्त्व कोल्हापूरकरांना सांगावयास नको, लाकडी चरकातून उसात राहून जाणारा रस लोखंडी चरकाने काहिलीत आणला. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रसंस्थेतून १९२६ साली इंजिनियर होऊन परतले. शाळेत मन न रमलेल्या बापाने मुलाला जगातील उत्तम शाळेत धाडले, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. शिक्षणावर त्यांचा राग नव्हता. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे यंत्रे बनविण्याच्या यंत्रांचा कारखाना झाला आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीस ऑईल इंजिनांची कंपनी स्थापन झाली. आपल्या वसाहतीत जे फाटक आहे ते या कंपनीच्या नंतरच्या वाढीतले.

आता एका दुःखद प्रसंगाकडे वळले पाहिजे. तो वगळून हे चरित्र सांगता येईल, पण ते खरे होणार नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता म्हणून सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात ब्राह्मणांच्या घरांवर आणि धंद्यांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीवरही जमाव आला आणि कारखान्याला आग लावण्यात आली. ३८ वर्षे ज्या माळावर रक्त आटविले तेथे धूर उठला. लक्ष्मणराव त्या वेळी ७८ वर्षांचे होते. जेथे अस्पृश्यतेला थारा नव्हता, जेथे दरोडेखोर राखणदार झाले, जेथे आसपासच्या गावांतील कित्येक घरांची चूल पेटत होती, तीच वाडी जातीचे नाव पाहून जाळली गेली. जमावात कोण होते आणि कोण नव्हते, कोणाला भडकविले होते, कोण नुसते पाहत उभे होते, याची चर्चा नंतर पुष्कळ झाली. ज्यांनी ते दिवस पाहिले ती माणसे आता जवळजवळ राहिली नाहीत, आणि जी होती तीही त्याविषयी फार बोलत नसत.

किर्लोस्करांनी वाडी सोडली नाही. सोडली असती तर त्यांना दोष कोणी दिला नसता. पुणे, बंगळूर, हरिहर येथे त्यांचे उद्योग उभे होतेच आणि तेथे जमीनही मिळाली असती. जळालेले पुन्हा उभारले गेले, भट्टी पुन्हा पेटली, आणि त्याच गावांतील माणसे त्याच फाटकातून पुन्हा कामाला येऊ लागली. ज्यांच्या शेजारावरचा विश्वास एकदा असा होरपळला त्यांनी तो पुन्हा ठेवला, ही गोष्ट पहिल्या नांगरापेक्षाही अवघड होती.

लक्ष्मणरावांच्या दोषांविषयी लिहिण्याची स्मरणिकांतून पद्धत नाही. तरी एवढे म्हणावयास हरकत नाही की जेथे मालकच वसाहतीचा कारभारी असतो तेथे शिस्तही मालकाचीच असते, आणि वडीलधाऱ्याची माया व वडीलधाऱ्याचा धाक ही एकाच घरात राहतात. रस्त्यावर कचरा चालत नाही, अस्वच्छता खपत नाही, हे सगळ्यांनाच गोड वाटले असेल असे नाही. पुढच्या काळात कामगारांचे कायदे झाले, संघटना झाल्या, हक्क कागदावर आले, ते आवश्यकच होते. मालक चांगला निघण्यावर मजुराचे नशीब अवलंबून राहू नये. तथापि आजच्या वसाहतींत कंत्राटदाराच्या हाताखाली सहा-सहा महिन्यांच्या बोलीवर राबणाऱ्या मुलाला आपल्या साहेबाचे नाव ठाऊक नसते आणि साहेबाला त्याचे. लक्ष्मणरावांना वाडीतल्या राखणदाराची नावे ठाऊक होती, आणि म्हणून ती आज आपल्यालाही ठाऊक आहेत.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात झाले. त्यांचे वय ८७ होते. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. रंग ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडावी लागलेल्या माणसाचे चित्र पत्रापत्रावर चिकटून घरोघर गेले.

कुंडल रोड हे स्टेशनचे नाव कधीच मागे पडले. कोल्हापुराहून पुण्याकडे जाताना मिरज, सांगली सोडली की काही वेळाने किर्लोस्करवाडीची पाटी दिसते. मुलाखतीसाठी किंवा प्रशिक्षणासाठी पुण्यास निघालेली आपल्याकडील मुले त्या वेळी बहुधा झोपेत असतात. बरोबर वडीलधारे कोणी असल्यास त्यांनी हलवून जागे करावे आणि खिडकीतून बाहेर दाखवावे; निवडुंगाचा माळ तेथे आता नाही, पण ३२ एकर कोठून कोठपर्यंत होते याचा अंदाज येतो.